जागेवरची माणसं

हेस्रोनच्या डोक्यात गांजाचा सरकारमान्य शेतकरी व्हायचं खूळ शिरलं आणि त्याचे फोड आले माझ्या हाताला. आमच्या डोंगरावर माती वीतभर, खाली सगळी चुनखडी. कोनफळाचं आळं खणायचं म्हटलं तरी पहार वाजते. त्यात परवाना खात्याचं फर्मान असं, की कुंपणाचा खांब कमरेइतका खोल गेला पाहिजे, जाळी माणसाच्या डोक्यावरून पार वर, तिच्यावर काटेरी तार, आणि आत जायला दरवाजा एकच. एवढा बंदोबस्त आमच्या परगण्याच्या तुरुंगालाही नाही. हेस्रोन त्या तुरुंगात राहून आलेला होता, म्हणून मी त्यालाच विचारलं.

"तिथली भिंत केवढी व्हती रं?"

"ह्याच्यापरीस बुटकी," तो म्हणाला आणि खोकत हसला.

"मंग बरंय. तवा तुला आत टाकाया शिपाई लागलं. आता तूच खड्डं खनून आत बसतूयास."

"तुला न्हाई कळायचं, एग्लोन. जलमभर चोरावानी पिकवलं. हेलिकाप्टर वाजलं की अंथरुणातनं उठून पळालो. माज्या डोळ्यांम्होरं जाळलं त्येंनी, दरसाल. आता त्योच शिपाई दरवाज्याबाहेर हुबा ऱ्हाऊन मला सलाम ठोकंल."

मी पहार मारली. सलामाची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याशी काय बोलायचं? मी गवंडी माणूस. गावात कोणी मेलं की थडगं बांधायला मला बोलावतात, म्हणून लोकांच्या आशा शेवटी कुठं जातात ते मला ठाऊक आहे. पण आमच्याकडं काम दिवसाला दिवस चालतं. आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. त्यानं माझी कोनफळं खणली होती, तेव्हा त्याचे खड्डे खणणं मला भाग होतं.

दुपारी त्याची बायको वश्ती उकडलेली कच्ची केळी आणि खारवलेला बांगडा घेऊन आली. कुंपणाची दोरी जिथून गेली होती तिथं ती थांबली.

"ही थडगी आत कशी आली?"

हेस्रोन केळं सोलत बसला. घरामागच्या त्याच रानात, अगदी मधोमध, त्याच्या बापाचं, आईचं आणि त्याच्या-वश्तीच्या मुलीचं थडगं होतं. मर्लीन सात वर्षांची असताना तापानं गेली. त्या थडग्यावर तिचं नाव मी ओल्या सिमेंटात खिळ्यानं कोरलं होतं. वश्तीनं तेव्हापासून ते नाव तोंडातून काढलेलं मी ऐकलं नव्हतं. 'ती' म्हणायची. सगळ्यांना कळायचं.

"दोरी वाकडी घ्या की," वश्ती म्हणाली.

"साहेब न्हाई म्हनतो. नकाशात चार कोपरं हायती. पाचवा कोपरा केला तर समदं पयल्यापासनं."

"म्हंजी साहेबाच्या कागदाला वाकता येत न्हाई म्हनून माजी ल्येक तुरुंगात."

"अगं, कुलपाची किल्ली माज्याच खिशात ऱ्हानार न्हवं का?"

तिनं भांडं उचललं. मला वाढायचं राहिलं होतं, पण मागायची माझी हिंमत झाली नाही.

तो साहेब म्हणजे पिनॉक. राजधानीतून, किंग्स्टनहून यायचा. बूट असे चकचकीत की तांबडी माती त्याच्या पायाला लागायला लाजावी. गांजा हा शब्द त्याला चालत नसे. आमचे आजे-पणजे ज्याला गांजा म्हणाले, ज्याचा पाला पांढऱ्या रममध्ये मुरवून छातीला चोळला, दमेकऱ्याला चहा करून पाजला, त्याला पिनॉक 'उत्पादन' म्हणायचा. खांब बसत असताना मोजणीला आला तेव्हा फीत धरून मागं मागं सरकत होता.

"साहेब, पाय," हेस्रोन म्हणाला.

"काय झालं?"

"माज्या बापावर हाय तुमचा."

पिनॉकनं खाली पाहिलं, पाय उचलला, रुमालानं बूट पुसला. मग थडग्यावरच वही टेकवून त्यानं प्रश्न सुरू केले. मी बाजूला खांबांसाठी सिमेंट कालवत होतो, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"हे बघा, आत येणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद लागते. बिल्ला असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. तर मला सांगा, जागेवर कोण कोण असतं?"

हेस्रोननं टोपी काढली. आमच्या लोकांत वडिलोपार्जित जमिनीबद्दल असा प्रश्न कोणी केला, की उत्तर एकच तऱ्हेनं देतात. जमीन कोणा एकाची नसते. ती रक्ताची असते, आणि जे तिच्यात पुरलेत त्यांची आधी. त्यांना वगळून स्वतःचं नाव सांगणारा नालायक समजला जातो.

"माजा बा, जब्दी," तो म्हणाला. "आई, इनेझ. माजी ल्येक मर्लीन. आन् मी."

"कामं काय करतात?"

हेस्रोननं खरोखर विचार केला. सरकारशी खोटं बोलणार नाही असं त्यानं सही करून दिलं होतं ना!

"राखन करत्यात," तो म्हणाला.

"रखवालदार, तीन," पिनॉक पुटपुटला आणि लिहून घेतलं. "आणि पत्नी?"

"ती हितली न्हवं. समुद्राकडची. ती घरात असती."

मला हसू आवरेना, मी घमेल्यात तोंड घातलं. वाटलं, आता बघेल. त्याच्या वहीखालीच ती नावं कोरलेली आहेत, हातभर लांब अक्षरांत. माणसाला वाचता येत असलं म्हणजे तो वाचतोच, ही माझी समजूत. पिनॉकनं फीत गुंडाळली आणि निघून गेला.

काही आठवड्यांनी बिल्ले आले. प्लास्टिकचे, निळ्या दोरीचे. नाव, हुद्दा आणि फोटोच्या जागी रिकामा चौकोन. खाली 'छायाचित्र मागाहून'. वश्तीनं मर्लीनचा बिल्ला हातात घेतला आणि अंगठ्यानं तो चौकोन कितीतरी वेळ पुसत राहिली.

"जितंपनी पोरीला शाळंला चप्पल मिळाली न्हाई," ती म्हणाली. "मेल्यावर सरकारी नोकरी लागली बघा."

"म्या इचारल्यालं सांगितलं," हेस्रोन म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"आन् माजा बिल्ला?"

"तुजा कशापायी?"

"सगळा जलम ह्या रानात वाकली म्या. तू आत व्हतास तवा पानी कुनी घातलं? पोलीस आलं तवा झाडं उपटून परसात कुनी लपवली? माजं नाव कुटं हाय?"

"तू जागंवरची न्हवंस ना. तू घरातली," तो म्हणाला. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. वश्तीनं बिल्ले बिस्किटांच्या डब्यात टाकून झाकण दाबलं.

पीक लागलं. प्रत्येक झाडाच्या गळ्यात नंबराची पट्टी. पाला मोजलेला, कळी मोजलेली, सगळं शहरातल्या कारखान्याला जायचं. तिथं त्याचं तेल निघणार, अंगठ्याएवढ्या बाटलीत भरणार, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात मिळणार. गावातल्या गाडीवाल्या बर्टीची आई, संधिवातानं वाकडी झालेली, काठी टेकत दरवाज्यापर्यंत आली. पूर्वीसारखी मूठभर पाला मागितला. हेस्रोन जाळीच्या आत उभा राहून तिला नियम सांगत होता. मी तिथं होतो. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"तुजी आई अशी न्हवती रं," ती म्हणाली. "तिनं पोलिसाच्या आईला सुदिक पाला दिलावता."

मग लोक यायचे बंद झाले. दिवसाला दिवस देणंही संपलं. आत पाऊल ठेवता येत नाही, तर त्याच्या रानात राबणार कोण? आणि तुम्ही त्याच्याकडं गेला नाहीत तर तो तुमच्याकडं येणार कुठल्या तोंडानं? टाकीपासून पाणी वाहून न्यायचा चढ तो एकटा चढायचा. दोन्ही हातांत बादल्या, गळ्यात बिल्ला. खांब रोवताना चुनखडीची धूळ छातीत गेली होती ती निघालीच नाही. लहानपणापासूनचा दमा उठला.

त्याची आई त्याला दम्यावर गांजाचा चहा द्यायची. तो म्हातारा होईतो तेच घेत आला. आता त्याच्या भोवती खांद्याएवढी झाडं उभी, आणि हा एक पान तोडेना.

"दोन पानं घे," वश्ती जाळीला नाक लावून म्हणायची. "दोन पानांनी सरकार मरत न्हाई."

"मोजल्याली हायती. माजं नाव पिकवनाऱ्यात हाय, रुग्नात न्हाई. रुग्नाचा अर्ज येगळा."

"मंग मर तिकडं, अर्जात गुंडाळून."

चहानं तो वाचला असता असं मी म्हणत नाही. मी वैद्य नाही. पण त्याच चहानं त्याचा श्वास मोकळा झालेला मी पन्नासदा पाहिला होता, आणि त्यानंही.

कळ्या भरल्या. कापणी तोंडावर आली. एका दुपारी मी माझ्या बांधावर शेळी बांधत होतो, तर वश्तीची हाक आली. जाळीतून पाहिलं, हेस्रोन आत पडलेला, बादली उपडी, पाणी त्याच्या पाठीखालून वाहत चाललेलं. दरवाजाला आतून कुलूप, आणि किल्ली त्याच्या खिशात. कुंपण चांगलं पक्कं होतं. मीच बांधलं होतं. मी चढलो. वरच्या काटेरी तारेनं तळवा उघडला, पँट फाटली, मी आत कोसळलो. त्याच्या छातीतून करवतीसारखा आवाज येत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, ओठ हलवले. मी कान खाली नेला.

"एग्लोन," तो म्हणाला, "तुज्याकडं बिल्ला न्हाई."

शपथेवर सांगतो, त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. मी त्याच्या खिशातली किल्ली काढली. वश्तीनं आणि मी त्याला घोंगडीत घालून रस्त्यापर्यंत नेलं, पण बर्टीची गाडी येईपर्यंत करवत थांबली होती.

तिसऱ्या दिवशी पिनॉक हजर. इतकी तत्परता त्याच्या खात्यानं हेस्रोन जिवंत असताना कधी दाखवली नव्हती. उत्पादन कापणीला आलेलं, मालक मेलेला, तेव्हा चोरी होऊ नये म्हणून साहेब स्वतः दरवाज्याशी बसायला आले. आमचं कुलूप काढून खात्याचं लावलं. बसायला खुर्ची वश्तीच्या घरातली. छत्रीही तिचीच.

"हेस्रोनला आत पुरायचाय," मी सांगितलं. "त्येच्या लेकीशेजारी. उद्या खड्डा खनू, शनवारी माती."

"मला वाईट वाटतं," पिनॉक म्हणाला. "पण हे परवान्याखालचं क्षेत्र आहे. गावात सार्वजनिक स्मशानभूमी आहे ना?"

"ती बेवारश्यांची."

"नियम मी केलेले नाहीत. आत फक्त नोंद असलेल्या व्यक्तींनाच सोडता येतं. पाणी द्यायला, देखरेखीला. दुसरं कोणी शिरलं तर सगळं उत्पादन जाळावं लागेल, आणि कुटुंबाचं नाव कायमचं बाद."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातून पक्कड घेऊन आलो. बर्टी आणि गावातलाच लेवी टिकाव घेऊन आलेच होते. खड्डा खणणं म्हणजे आमच्यात सगळ्या गावाचं काम. अंगणात बोकडाचं शिजत होतं, रमची बाटली फिरत होती. मी म्हटलं, मागल्या बाजूनं जाळी कापू, साहेबाला छत्रीत झोप लागू दे. वश्तीनं माझ्या हातातली पक्कड काढून घेतली.

"न्हाई."

"अगं, तू तर कुंपनाला शिव्या घालत व्हतीस!"

"अजून घालती. पर त्यो येडा ह्या दरवाज्यापायी मेला. चोरावानी आत जायाचं नव्हतं त्येला. त्येला मागनं भोकातनं न्याचा न्हाई म्या. दरवाज्यातनंच जाईल त्यो."

"आन् खनायचं कुनी? त्यो साहेब काय म्हनला ऐकलंस न्हवं? नोंदीची मानसं पायजेत."

वश्ती आत गेली आणि बिस्किटांचा डबा घेऊन आली. जब्दीचा बिल्ला लेवीच्या गळ्यात घातला, इनेझचा बर्टीच्या. तिसरा हातात धरून थोडी थांबली, मग माझ्या मानेत अडकवला.

असे आम्ही तिघं दरवाज्याशी गेलो. पिनॉकनं वही उघडली. लेवीच्या छातीवर वाचलं, खूण केली. बर्टीच्या छातीवर वाचलं.

"इनेझ ब्रॉमफील्ड?" त्यानं बर्टीच्या मिशांकडं पाहिलं.

"आजीच्या नावानं ठिवलंय," बर्टी म्हणाला.

मग माझी पाळी. "मर्लीन?"

"व्हय."

त्यानं माझी पांढरी दाढी पाहिली, सिमेंटनं भेगाळलेले हात पाहिले, हातातला टिकाव पाहिला. त्याला कळलं होतं. तेवढा बिनडोक कोणी नसतो. पण वहीतलं नाव आणि बिल्ल्यावरचं नाव जुळत होतं, आणि जुळल्यावर त्याची जबाबदारी संपत होती. त्यानं खूण केली आणि कुलूप काढलं.

मर्लीनच्या डाव्या अंगाला आम्ही खणलं. चुनखडी टिकावाला दाद देईना, पहारेनं फोडत गेलो. वाकलं की बिल्ला पुढं यायचा आणि तोंडावर आपटायचा. आजूबाजूला पिकल्या कळ्यांचा वास असा कोंदला होता, की लेवी म्हणाला, म्हाताऱ्या हेस्रोनला हितं पडल्या पडल्या दम्याचा आराम पडंल. आम्ही हसलो. दुपारी वश्तीनं पिनॉकलाही बोकडाचं वाढलं. त्यानं दोनदा घेतलं.

शनिवारी पेटी आली. गाव कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहिलं, चारी बाजूंनी, जाळीत बोटं अडकवून, गाणी म्हणत. पाद्रीही बाहेरच. मी शिळा बसवायला म्हणून मर्लीनचा बिल्ला घालूनच आलो होतो. वश्ती काळ्या कपड्यात माझ्यासमोर आली आणि हात पुढं केला.

"दे."

"अगं वश्ती—"

"दे म्हनते ना. म्या बाहेर हुबी ऱ्हानार व्हय?"

मी बिल्ला काढून दिला. बर्टीनं आपला इनेझचा उतरवला आणि माझ्या हातात ठेवला. तो जाळीबाहेर आपल्या आईशेजारी जाऊन उभा राहिला. तिघांनी पेटी उचलायची होती. हेस्रोनचं वजन ते काय, तरी वश्तीचा खांदा खाली गेला. पेटीच्या झाकणावर तिनं त्याचा बिल्ला टाचणीनं लावला होता.

"हे?" पिनॉकनं पेटीकडं पेन केलं.

"परवान्याचा मालक," वश्ती म्हणाली. "नाव काडलंय का वहीतनं?"

पिनॉकनं पानं चाळली. "मुख्य कचेरीचं पत्र आलं की निघेल. अजून आलेलं नाही."

"म्हंजी हाय."

"कागदोपत्री आहे." त्यानं खूण केली. लेवीची केली, माझी केली. मग तो वश्तीच्या छातीशी वाकला. काल हेच नाव त्यानं माझ्या दाढीखाली वाचलं होतं.

"मर्लीन ब्रॉमफील्ड?"

ओझं खांद्यावर घेऊन ती उभी होती. जाळीपलीकडचं गाणं थांबलं होतं. ते नाव तिच्या तोंडून ऐकायला सगळा जन्म हेस्रोननं वाट पाहिली असेल, आणि ते तिला या भिकारड्या दरवाज्यात, या माणसासाठी उच्चारावं लागलं.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच मर्लीन."

त्यानं खूण केली.

आम्ही हेस्रोनला खाली सोडलं. पाद्री बाहेरून ओरडून वाचत होता, वाऱ्यानं निम्मं उडून जात होतं. मी शिळा बसवली, कडा सिमेंटनं भरल्या, थापीनं सारख्या केल्या. वश्तीनं ओल्या सिमेंटावर हात ठेवायला नेला आणि काढून घेतला. मी केलेलं काम बिघडू नये म्हणून. मग तिनं हेस्रोनच्या पलीकडची मोकळी जमीन टाचेनं दाबली आणि माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

दरवाज्याशी पिनॉक वही घेऊन उभा होता. बाहेर येणाऱ्यांची खूण वेगळ्या रकान्यात. लेवी, मी, वश्ती. त्यानं पेनाच्या टोकानं मोजलं.

"चार जण आत गेले," तो म्हणाला. "तीन आलेत. माझी वही जुळायला पाहिजे."

लेवीनं मूठ वळली. मी त्याचा दंड धरला. वश्तीला मात्र राग आल्यासारखा दिसला नाही. तिनं गळ्यातला बिल्ला काढला, अंगठ्यानं पुसला आणि चोळीत ठेवला.

"साहेब," ती म्हणाली, "जागंवर कोन कोन असतं म्हनून तुमी त्येला इचारलं व्हतं. त्येनं खरं सांगितलं. तुमी लिवून घेतलं, ऐकलं न्हाई. आता ऐका. जब्दी, इनेझ, मर्लीन, हेस्रोन. ह्यातलं कुनी भाईर येत नसतं. आन् त्येच्या पल्याडची जागा माजी. म्या आत्ताच एग्लोनला दावून आली. तवा माजा बिल्ला करून ठिवा, येळंवर खोळंबा नगं."

पिनॉकनं तिच्याकडं पाहिलं. दोन दिवस तिच्या खुर्चीत बसला होता, तिच्या छत्रीखाली, तिच्या हातचं जेवत. त्यानं वहीचं कोरं पान काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

"नाव सांगा," तो म्हणाला.